पिकअपचा जीर्णोद्धार

नाशिक जिल्ह्यात दहा-बारा वर्षे राबलेल्या डिझेल पिकअपला ‘जुनी’ म्हणण्याचा प्रघात नाही; ती विकायची असेल तर ‘चालू कंडिशन’ असते, विकत घ्यायची असेल तर ‘भंगार’ असते, आणि ज्यांना ती विकायचीही नाही व घ्यायचीही नाही अशा बहुसंख्यांच्या लेखी ती नुसती ‘गाडी’ असते. पुढे दोन-तीन माणसे मावतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, हौद्याला खाली पाडता येणारे पत्र्याचे फाळके आणि नोंदणीपुस्तकात मॉडेलनुसार साधारण एक ते पावणेदोन टन माल वाहण्याची परवानगी, अशी या वाहनाची व्याख्या करता येईल. मात्र टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीसमोर संध्याकाळी उभे राहून निरीक्षण केल्यास या व्याख्येतील ‘परवानगी’ वगळता बाकी सर्व घटक प्रत्यक्षात आढळतात.

या वाहनाचे आणि या जिल्ह्याचे नाते केवळ गिऱ्हाइकाचे नाही. महिंद्र कंपनीचा वाहनांचा कारखाना सातपूरला आणि इंजिनांचा इगतपुरीला असल्याने २००० साली बाजारात आलेली बोलेरो ही नाशिककरांना आपल्याच गल्लीतली वाटते, आणि तिच्या नात्यातील पिकअपबद्दलही प्रत्येक जण घरच्या अधिकाराने बोलतो. कारखान्यात उमेदवारी केलेला एखादा चुलत-मावसभाऊ जवळपास प्रत्येक कुटुंबात असतो, आणि त्यामुळे २५२३ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाविषयी अधिकृत पुस्तिकेत नसलेली बरीच माहिती जिल्ह्यात तोंडी परंपरेने उपलब्ध आहे. टाटांची २०७ आणि २००५ मध्ये आलेली, ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी एस यांचेही स्वतंत्र संप्रदाय आहेत. परंतु प्रस्तुत विवेचन मुख्यतः बोलेरोच्या कुळातील पिकअपपुरते आहे, कारण जीर्णोद्धाराची हौस तिच्या मालकांत सर्वाधिक आढळते.

जुन्या पिकअपवर माफक खर्चात कोणकोणत्या सुधारणा होतात याचा विचार करताना अभ्यासकाने प्रथम गाडीकडे न पाहता लिलावाच्या भावफलकाकडे पाहावे. येथील पिकअप बहुधा शेतकऱ्याची किंवा शेतमालाचे भाडे मारणाऱ्याची असते, आणि तिच्या अंगावर कोणते काम निघणार हे मिस्त्री ठरवत नाही, टोमॅटो ठरवतो. निरीक्षणान्ती असा नियम मांडता येतो की भाव चढला की गाडी बाहेरून सुधारते आणि भाव पडला की आतून सुधारते. चढत्या भावात प्रेशर हॉर्न येतो, एलईडीच्या पट्ट्या येतात, बंपरवर चकचकीत नळ्या चढतात. पडत्या भावात नवी गाडी घेण्याचा बेत रद्द होतो, आहे तीच अजून तीन वर्षे ओढायची असे घरात ठरते आणि मग नाइलाजाने ब्रेकचे लायनर, कूलंट आणि फॅनबेल्ट यांची आठवण होते. २०२३ हे वर्ष या दृष्टीने आदर्श मानावे लागेल, कारण जुलैमध्ये किरकोळ बाजारात टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, सप्टेंबरमध्ये त्याच टोमॅटोला भाव नाही म्हणून नाशिकच्या शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला, ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली; म्हणजे एकाच गाडीला जुलैत हॉर्न आणि डिसेंबरात हॉर्न वाजवणाऱ्या बॅटरीचे पाणी, असे दोन्ही प्रकारचे उपचार एका वर्षात लाभण्याची सोय झाली.

बाह्य सुधारणांत अग्रपूजेचा मान हॉर्नचा. कंपनीने दिलेला हॉर्न समोरच्याला सूचना देण्यासाठी असतो, तर नंतर बसवलेला हॉर्न समोरच्याला मालकाचा परिचय करून देण्यासाठी असतो, हा दोहोंतील मूलभूत भेद आहे. प्रेशर हॉर्नमध्ये एक लहान कंप्रेसर हवा दाबून लांबट कर्ण्यांतून सोडतो आणि बहुसुरी प्रकारात ही हवा आळीपाळीने वेगवेगळ्या कर्ण्यांत जाऊन एक छोटी सुरावट तयार होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील ११९ वा नियम अशा एकामागून एक निरनिराळे सूर काढणाऱ्या, तसेच कर्कश किंवा दचकवणाऱ्या हॉर्नना स्पष्ट मनाई करतो. तरीही नाशिकच्या द्वारका चौकात दहा मिनिटे थांबणाऱ्यास या मनाईचे संगीतमय उल्लंघन विविध पट्ट्यांत ऐकायला मिळते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये मालवाहनांच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या मजकुरावर बंदी घातली, त्यामागे ही पाटीच लोकांना विनाकारण हॉर्न वाजवायला उद्युक्त करते असा तर्क होता. पाटी बऱ्याच अंशी गेली, उद्युक्त होणे राहिले, आणि त्यावरून हॉर्न वाजवणारा पाटी वाचून वाजवत नसतो एवढा निष्कर्ष निर्विवादपणे काढता येतो.

यांत खरी मौज अशी की जुन्या गाडीचा आल्टर, म्हणजे बॅटरी भारणारा अल्टरनेटर, आधीच दमलेला असतो, आणि त्याच्यावर कंप्रेसर, चार कर्णे, ॲम्प्लिफायर व केबिनभर निळा प्रकाश यांचा बोजा पडल्यावर नाकापेक्षा मोती जड होऊन गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. अशा प्रसंगी ती ढकलण्यासाठी माणसे गोळा करावी लागतात आणि त्यांना हाक मारण्यासाठी हॉर्न उपयोगी पडत नाही, कारण बॅटरी उतरलेली असते.

दिव्यांचा विषय मात्र गंभीर आहे आणि तो थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण स्वस्त आणि खरोखर उपयुक्त अशी सुधारणा कोठे दडलेली असते याचे ते उत्तम उदाहरण ठरते. जुन्या पिकअपचा पुढचा दिवा मिणमिणता झाला की मालकाचे निदान ‘बल्ब गेला’ असे असते आणि उपाय ‘मोठा बल्ब’ असा असतो. कंपनीचा बल्ब सामान्यतः ६०/५५ वॅटचा, म्हणजे वरच्या झोताला ६० आणि खालच्या झोताला ५५ वॅट वीज खाणारा असतो. त्याजागी शंभर वॅटचा बसवला की पहिले चार दिवस डोळे दिपतात, पाचव्या दिवशी होल्डरचे प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो आणि त्यानंतर दिव्याच्या आतील चकाकी काळवंडते. दुसरा पंथ एलईडीवाल्यांचा आहे. हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेल्या आरशात एलईडी बसवली की प्रकाशाचा उगम मूळ जागी राहत नाही, झोत विस्कटतो, झाडाच्या शेंड्यावरील घुबड आणि समोरून येणारा मोटारसायकलस्वार हे दोघेही सारखेच उजळून निघतात आणि रस्त्यातला खड्डा पूर्वीइतकाच अंधारात राहतो.

प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत बल्ब निर्दोष असतो आणि दोष वायरिंगचा असतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह डॅशबोर्डवरील बटणापर्यंत येऊन, तेथून गंजलेल्या जोडांमधून आणि बारीक तारांमधून परत पुढे दिव्यापर्यंत जाईस्तोवर वाटेत त्याचा दाब घटत जातो, आणि दिव्याच्या टोकाला पोचणारा दाब दहा टक्क्यांनी जरी घटला तरी हॅलोजन बल्बचा प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. यावर उपाय रिले बसवण्याचा आहे. रिले म्हणजे एक छोटे विद्युत-चुंबकी बटण, जे डॅशबोर्डच्या बटणाकडून फक्त हुकूम घेते आणि दिव्याचा मुख्य प्रवाह जाड तारेने थेट बॅटरीतून जोडून देते. याच्या जोडीला बॉडीच्या पत्र्याला टेकणारी अर्थिंगची तार घासून स्वच्छ केली की जुनाच बल्ब नव्यासारखा उजळतो. एवढ्या कामाला काही शे रुपये आणि वायरमनची एक दुपार पुरते. तथापि रिले बॉनेटखाली एका काळ्या डबीत बसतो, तो चमकत नाही, वाजत नाही आणि लग्नाच्या वरातीत कोणाला दाखवता येत नाही, त्यामुळे जिल्ह्यातील सुधारणांच्या क्रमवारीत त्याचा नंबर मागच्या काचेवरील वाघानंतर लागतो.

मागच्या काचेवरील वाघ, बाजूच्या पत्र्यावरील भवानीचे किंवा सप्तशृंगीचे नाव, फाळक्यावर मुलांची नावे जन्मक्रमाने आणि त्याखाली हप्ते वसूल करणाऱ्या बँकेचे नाव, या सर्व मजकुराला व्यवसायात ‘रेडियम’ म्हणतात. तो रंगीत चिकटपट्टीतून कापलेला असतो आणि त्यात रेडियम नसते. आरशाला काळा गोंडा, बंपरखाली लिंबू-मिरची आणि मागे काळी बाहुली लावण्याचा खर्च नगण्य असून दृष्ट लागू नये म्हणून त्यांचा कितपत उपयोग होतो हे सांगणे कठीण आहे. परंतु ज्या गाडीचे मागचे लाल दिवे बंद आहेत तिच्याकडे मुळात कोणाची दृष्टीच जात नाही, आणि तेथेच खरी अडचण होते.

यानंतर सुधारणांचा राजा, म्हणजे पाटे. पिकअपच्या मागच्या आसाला पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते, तिला कमानपाटे म्हणतात; माल चढला की ही कमान सपाट होत जाते आणि उतरला की पुन्हा उठते. नोंदणीपुस्तकात सव्वा टन माल लिहिलेल्या गाडीत वीस किलो टोमॅटोचा एक क्रेट, रिकाम्या क्रेटच्या वजनासह सुमारे बावीस किलो धरला, तर छप्पन्न क्रेट बसतात. हा हिशेब गणिताच्या दृष्टीने अचूक असला तरी व्यवहाराच्या दृष्टीने बालिश मानला जातो, कारण छप्पन्न क्रेटच्या भाड्यात डिझेल आणि ड्रायव्हर निघतो, मालक निघत नाही. म्हणून पाटेवाल्याकडे जाऊन प्रत्येक बाजूला एक किंवा दोन पाटे वाढवले जातात, गाडी मागून चार बोटे उचलली जाते आणि मालक समाधानाने म्हणतो की आता गाडी बसत नाही.

गाडी बसत नाही हेच तिचे दुर्दैव आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या आसापाशी एक झडप असते. तिचे शास्त्रीय नाव भारानुसार ब्रेकचा दाब वाटून देणारी झडप असे करता येईल, मिस्त्री तिला एलएसपीव्ही म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही. ही झडप सांगाड्याला पक्की केलेली असून एका दांडीने आसाशी जोडलेली असते. माल चढला, गाडी बसली, सांगाडा आणि आस यांतील अंतर कमी झाले, की ती ओळखते की भार आला आहे आणि मागच्या चाकांच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. गाडी रिकामी असली की तोच दाब रोखते, अन्यथा हलकी मागची चाके जागीच जाम होऊन गाडी फिरते. आता पाटे वाढवलेल्या गाडीत दोन टन माल चढला तरी अंतर फारसे बदलत नाही, म्हणून झडप प्रामाणिकपणे असा समज करून घेते की गाडी रिकामी आहे, आणि शंभर क्रेट घेऊन कसारा घाट उतरणाऱ्या वाहनाच्या मागच्या चाकांना रिकाम्या गाडीपुरताच ब्रेक मिळतो. सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, डिस्क तापतात, पॅडचा वास केबिनमध्ये येतो आणि ड्रायव्हर हा वास समोरच्या ट्रकचा आहे असे मानून काच वर करतो. पाटे वाढवले तर दांडीची सेटिंग तपासून घ्यावी लागते, ही गोष्ट पाटेवाला सांगत नाही, कारण ब्रेकचे काम त्याचे नाही. ब्रेकवाला सांगत नाही, कारण पाट्यांचे काम त्याचे नाही.

घाटाचा विषय निघालाच आहे तर डिझेल वाचवण्याच्या एका लोकप्रिय युक्तीचाही परामर्श घेतला पाहिजे. उतारावर गाडी न्यूट्रल करून, आणि अधिक काटकसरी मंडळींच्या बाबतीत चावी फिरवून इंजिनच बंद करून, गुरुत्वाकर्षणाचा फुकट लाभ घेतला जातो. पेट्रोल इंजिनात हवा खेचताना जी पोकळी निर्माण होते ती ब्रेकच्या बूस्टरला उपयोगी पडते. डिझेल इंजिनात तशी पोकळी होत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो आणि तो बऱ्याच इंजिनांत आल्टरच्याच पाठीला जोडलेला असतो. इंजिन बंद झाले की हा पंपही थांबतो, साठलेल्या पोकळीवर एक-दोन वेळा ब्रेक लागतो आणि तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखे घट्ट होते. अशा रीतीने वाचलेल्या पावशेर डिझेलचा हिशेब घाटाच्या खाली पोचणाऱ्यांकडूनच मिळत असल्याने तो नेहमी फायद्याचा निघतो.

पाट्यांच्या सुधारणेस कायद्याचेही अंग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. पुढच्या बाजूला लावल्या जाणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या जाडजूड चौकटीवर, जिला बुल गार्ड म्हणतात, केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच याच कलमाचा आधार घेऊन कारवाईचे आदेश दिले होते. जादा मालाला २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार अशी तरतूद आहे. हे सर्व मालकाला माहीत असते, किंबहुना कलमे तोंडपाठ असणारे पिकअपमालक वकिलांपेक्षा संख्येने जास्त असावेत.

इंजिनाच्या सुधारणेबाबत दोन विचारधारा आहेत. पहिली पंपाच्या स्क्रूची. जुन्या यांत्रिक पंपात डिझेलचे प्रमाण वाढवण्यासाठी एक स्क्रू असतो आणि तो अर्धा आटा फिरवला की गाडी ‘खेचायला’ लागते. नव्या, संगणकाने चालणाऱ्या इंजिनांत हेच पुण्य रिमॅप नावाच्या विधीने मिळवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा सुमारे अठरा पटींपर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. याचा अर्थ किती डिझेल जळणार हे आत आलेल्या हवेवर ठरते, आणि हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले तर वाढीव डिझेल अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर पडते. परंतु धूर म्हणजे ताकद ही समजूत येथे इतकी रुजली आहे की पिकअपने चढावर मागच्या दुचाकीस्वाराचे शुभ्र शर्ट करड्या रंगाचे केल्याशिवाय मालकाला पंपवाल्याचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. हा धूर म्हणजे मालकानेच पंपावर रांगेत उभे राहून विकत घेतलेले डिझेल असते, ही बाब त्या आनंदात नजरेआड होते.

दुसरी विचारधारा हवेची, आणि तिला अनुयायी नाहीत. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे बारा किलो, म्हणजे आकारमानाने दहा हजार लिटर हवा किमान लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून जास्त ओढते. दिवसाला पंधरा लिटर जाळणारी पिकअप दीड लाख लिटरांहून अधिक हवा एका कागदी जाळीतून ओढत असते, आणि ही हवा निफाड-दिंडोरीच्या बागांमधील पाणंद रस्त्यांवरची, लासलगावच्या खळ्यांतून उडणाऱ्या कांद्याच्या पातळ फोलपटांची, आणि पुढे चाललेल्या दुसऱ्या पिकअपने तयार केलेली असते. बहुतेक गाड्यांचे एअर फिल्टरचे झाकण उघडून पाहिले तर दोन क्लिपांपैकी एक तुटलेली आणि तिच्या जागी सुतळी आढळते, आत कागदाच्या घड्या मातीने भरून सपाट झालेल्या असतात, आणि डब्याच्या तळाशी एखादे वाळलेले द्राक्षाचे पान व मूठभर रेती सापडते. यावर प्रचलित उपाय म्हणजे फिल्टर काढून पुढच्या टायरवर चार वेळा आपटणे, किंवा पंक्चरवाल्याकडील हवेचा झोत जवळून मारून त्या कागदाला बारीक भोके पाडणे. दुसऱ्या उपायाने गाडी लगेच हलकी पळते, कारण त्यानंतर माती फिल्टरमध्ये न अडकता थेट सिलिंडरमध्ये जाते. नव्या फिल्टरची किंमत काही शे रुपये असते. टर्बो आणि पिस्टनच्या रिंगा यांची किंमत येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण ती ऐकून मालक गाडी विकतो आणि मग ती ‘चालू कंडिशन’ होते.

हिवाळा हा पिकअपच्या सुधारणांचा स्वतंत्र ऋतू आहे. निफाड तालुक्यात, जेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमानाची नोंद दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकते, पारा पाच अंशांखाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पहाटे चारला लिलावासाठी निघालेली पिकअप उठत नाही. थंड सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, आणि त्यासाठी काही इंजिनांत हीटर प्लग, म्हणजे आत तापणारी छोटी कांडी दिलेली असते. चारपैकी तीन कांड्या जळाल्या तरी उन्हाळ्यात कळत नाही म्हणून त्या बदलल्या जात नाहीत. यावर जिल्ह्यात रूढ असलेली सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे गाडी रात्री उतारावर लावणे. ती बिनखर्चाची, कायदेशीर व प्रदूषणमुक्त आहे, फक्त हँडब्रेकवर विश्वास ठेवता येत नसल्याने मागच्या चाकाला दगड लावावा लागतो, आणि सकाळी दगड काढणारा व गाडी धरणारा अशी दोन माणसे लागतात. ज्याच्या घरासमोर उतार आहे अशा शेतकऱ्याकडे बॅटरी दोन हंगाम जास्त टिकते.

टायरांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पुढे नवे आणि मागे रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेले, हा सर्वमान्य तोडगा आहे, आणि स्टेपनी गोटा झालेली असते हेही सर्वमान्य आहे. नियमानुसार नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी; हवेचा दाब महिन्यातून एकदा तपासला तर टायरही वाचतो आणि डिझेलही, पण दाब फुकट तपासून मिळत असल्याने त्याला कोणी किंमत देत नाही. सीटवर टॉवेल, डॅशबोर्डवर देव, देवाला एलईडी आणि मोबाइलला स्टँड, इतके झाले की केबिनचे काम संपते.

या सर्व सुधारणांचा महोत्सव म्हणजे पासिंग. मालवाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते, आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी व पुढे दरवर्षी मिळते, आणि पंधरा वर्षांपुढील वाहनांसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी पेठ रोडवरील आरटीओच्या आसपास जुन्या पिकअपचा जो कायापालट होतो तो पाहता जीर्णोद्धार ही संज्ञा अपुरी वाटते. रेडियमचा वाघ खरवडला जातो. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल अशी परावर्तक पट्टी नियमाप्रमाणे लागते. प्रेशर हॉर्न निघून कंपनीचा बारीक आवाजाचा हॉर्न येतो. पंपाचा स्क्रू अर्धा आटा मागे येतो, कारण धूर मोजणाऱ्या यंत्रात बीएस-४ पूर्वीच्या डिझेल वाहनाला ६५ आणि बीएस-४ च्या वाहनाला ५० हार्ट्रिज ही मर्यादा आहे, हार्ट्रिज म्हणजे धूर प्रकाश किती अडवतो ते मोजण्याचे एकक. स्टेपनीच्या जागी शेजाऱ्याची स्टेपनी येते, प्रथमोपचार पेटी आणि त्रिकोण येतात, मागचे दिवे लागतात. त्या एका दिवशी पिकअप तिच्या आयुष्यातील सर्वोत्तम अवस्थेत असते. ब्रेक सरळ लागतात, दिवे योग्य उंचीवर पडतात, इंजिन धूर न काढता चालते आणि डिझेलही कमी जाळते. प्रमाणपत्र हातात पडल्यावर मालक गॅरेजात जाऊन ही सगळी सुधारणा काढून टाकतो आणि काढण्याचीही मजुरी देतो.

येथे मिस्त्रीवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. ‘दादा, आधी ब्रेक बघू’ असे त्याने सुचवले तर मालकाला तो खर्च काढतोय असे वाटते, आणि ‘दादा, हॉर्न कोणता टाकू’ असे विचारले तर तो होतकरू ठरतो. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवल्यानंतरही जुने सुटे भाग मिळायचे थांबले नाहीत, फक्त ते कोठे मिळतात हे विचारावे लागू लागले. त्यामुळे मोडीत निघालेल्या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा संच किंवा बरी सीट अजूनही माफक पैशांत जुळते, आणि मालाने लादलेल्या गाडीचे चाक गल्लीत वळवताना खांदे धरणाऱ्या ड्रायव्हरच्या दृष्टीने पॉवर स्टिअरिंग ही चैनीची वस्तू नाही. या एका सुधारणेला मात्र चढत्या आणि पडत्या दोन्ही भावांत मागणी असते, कारण तिचा फायदा चालवणाऱ्याला लगेच हातात कळतो.

जुनी पिकअप घ्यायला निघालेल्याने या विवेचनातून एवढे पदरात घ्यावे की ‘इंजिन ओपन नाही, पेपर क्लिअर, फक्त चालवायची’ असे सांगणाऱ्या मालकाला इंजिनाबद्दल काही विचारू नये. त्याला गेल्या दोन वर्षांत कोणते पीक होते आणि भाव काय मिळाला हे विचारावे. भाव चांगला मिळाला असेल तर गाडी सजलेली असेल, तिचे फोटो काढावेत आणि पुढे जावे. भाव पडलेला असेल, पत्र्याचा रंग उडालेला असेल आणि हॉर्न कंपनीचाच असेल, तर बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या झाकणाला दोन्ही क्लिपा शाबूत आहेत का ते पाहावे, आणि असतील तर बयाणा त्याच दिवशी द्यावा.